आडात काय, पोहऱ्यात काय?

पोहरादेवी हे वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातले गाव. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे, रामनवमीला येथे मोठी यात्रा भरते आणि देशभरातले बंजारा भाविक येतात. गावापासून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे. या भागात पडलेले पावसाचे पाणी मात्र त्या समुद्राकडे जातच नाही. अरुणावती, पैनगंगा, वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी असा प्रवास करून ते बंगालच्या उपसागराला मिळते. तरीही या मुलखाची समुद्राशी जुनी ओळख आहे. बैलांच्या पाठीवर किनाऱ्यावरचे मीठ लादून ते आतल्या प्रदेशात आणणारे लमाणांचे तांडे दख्खनमधून पिढ्यान् पिढ्या फिरत होते. ‘लमाण’ हा शब्द ‘लवण’पासून आला असे मानणारेही आहेत.

या गावी शिक्षकांशी गप्पा मारत बसलो असताना एका गुरुजींनी आमच्यापुढे एक कागद ठेवला. त्यांचा एक जुना विद्यार्थी समुद्र अभियांत्रिकीत पदव्युत्तर शिक्षण घेत होता. त्याने सुटीत घरी आणलेली ती प्रश्नपत्रिका होती. संस्थेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. प्रत्येक प्रश्नासमोर गुणांच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने होते. एकात ‘सीओ-२’, ‘सीओ-३’ असे लिहिले होते, तर दुसऱ्यात ‘बीएल-३’, ‘बीएल-४’. गुरुजींनी विचारले, “आमच्याकडे अध्ययन निष्पत्तींची नोंदवही आहे, तसलेच हे काही दिसते. एवढ्या वरच्या वर्गातही हे आले का? आणि यावरून पोराला समुद्र किती कळला हे खरेच समजते का?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : होय, आले. दुसऱ्या प्रश्नासाठी हा लेख.

ही पद्धत काय आहे?

पूर्वी अभ्यासक्रम म्हणजे विषयांची यादी असे. लाटांचे सिद्धान्त, खांबांवरचे बल, बंदरांची रचना, गंज आणि त्यापासून संरक्षण अशी प्रकरणे असत. ती शिकवून झाली की अभ्यासक्रम ‘पुरा’ झाला. विद्यार्थ्याला शेवटी काय करता येते, हा प्रश्न यादीत नसे. हा प्रश्न आधी विचारा आणि शिकवणे व परीक्षा त्याभोवती बांधा, असे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ सालच्या आपल्या छोट्या पुस्तकात सांगितले. १९५६ साली बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बौद्धिक उद्दिष्टांची स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण अशी चढती उतरंड मांडली. प्रश्नपत्रिकेतला ‘बीएल’ म्हणजे ब्लूमची पातळी. ‘सीओ’ म्हणजे त्या विषयाची निष्पत्ती : हा विषय शिकल्यावर विद्यार्थ्याला काय करता यावे, याची चार ते सहा वाक्ये.

आपल्या देशात अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मानांकन देण्याचे काम राष्ट्रीय मानांकन मंडळ करते. ते १९९४ साली स्थापन झाले. भारत २०१४ साली ‘वॉशिंग्टन करारा’चा पूर्ण सदस्य झाला आणि निष्पत्तीवर आधारलेल्या मूल्यमापनाने जोर धरला. हा करार पदवी अभ्यासक्रमांपुरता आहे. पण तीच पद्धत पदव्युत्तर अभ्यासक्रमांनाही लागली. तेथे मंडळाने पूर्ण अभ्यासक्रमाच्या तीनच मुख्य निष्पत्ती ठरवून दिल्या : स्वतंत्रपणे संशोधन व विकासकार्य करून व्यावहारिक प्रश्न सोडवता येणे, भरीव तांत्रिक अहवाल लिहिता व मांडता येणे, आणि आपल्या विशेष क्षेत्रावर पदवीपेक्षा वरच्या दर्जाचे प्रभुत्व असणे.

या तीन वाक्यांना कोणीही नाव ठेवू नये. समुद्रावर काम करणाऱ्या अभियंत्याकडून आपण याहून वेगळे काय मागणार? आमची तक्रार आहे ती वाक्यांपासून आकड्यांपर्यंतच्या प्रवासाबद्दल.

तो प्रवास साधारण असा असतो. विषयाच्या प्रत्येक निष्पत्तीचा मुख्य निष्पत्तीशी संबंध किती, हे १, २, ३ असे आकडे देऊन तक्त्यात भरतात. मग गुण पाहतात. ६० टक्के विद्यार्थ्यांनी ठरावीक गुणांची रेषा ओलांडली तर ‘प्राप्ती’ १, ७० टक्क्यांनी ओलांडली तर २, ८० टक्क्यांनी ओलांडली तर ३, अशी वाटणी बऱ्याच ठिकाणी वापरतात. त्यात विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांचा थोडा वाटा मिसळतात आणि सर्वांची सरासरी काढतात. शेवटी उत्तर येते २.४३. लक्ष्य २ असेल तर निष्पत्ती साध्य. हे लक्ष्य बहुधा संस्थेनेच ठरवलेले असते.

खोल पाणी म्हणजे किती खोल?

आता समुद्रात उतरू. लाटांच्या परीक्षेत हमखास येणारा एक प्रश्न घ्या : “खोल पाण्यात ८ सेकंद आवर्तकाल असलेल्या लाटेची लांबी काढा.” सूत्र सोपे आहे. आवर्तकालाचा वर्ग करा आणि १.५६ ने गुणा. ८ चा वर्ग ६४, म्हणून लांबी जवळजवळ १०० मीटर. त्यावरून वेग सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. पूर्ण गुण. प्रश्नाशेजारी लिहिलेले असते ‘बीएल-३, उपयोजन’.

पण येथे विद्यार्थ्याने कशाचे उपयोजन केले? ‘खोल पाण्यात’ हे शब्द प्रश्नातच दिले होते. खरे अभियांत्रिकी ज्ञान त्या दोन शब्दांत आहे आणि ते परीक्षकाने आधीच देऊन टाकले. समुद्रावर कोणी येऊन सांगत नाही की हे पाणी खोल आहे.

खोल आणि उथळ हे लाटेच्या संदर्भात ठरते. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त असेल तर त्या लाटेपुरते पाणी खोल, कारण तिची हालचाल तळापर्यंत जवळजवळ पोचत नाही. मुंबई हाय तेलक्षेत्रात पाण्याची खोली साधारण ७५ मीटर आहे. ८ सेकंदांच्या लाटेची अर्धी लांबी ५० मीटर, म्हणजे तिच्यासाठी हे पाणी खोल. आता वादळात १२ सेकंदांच्या लाटा आल्या असे समजा. तेच सूत्र लावले तर लांबी सुमारे २२५ मीटर आणि तिची अर्धी ११२ मीटर. खोली तर ७५ मीटरच. तेच ठिकाण आणि तेच पाणी, पण या लाटेसाठी ते खोल नाही.

याने काय बिघडते? ८ सेकंदांची ४ मीटर उंचीची लाट घेतली तर ७५ मीटर खाली तळाजवळ पाणी सेकंदाला जेमतेम ३ सेंटिमीटर वेगाने मागेपुढे होते. १२ सेकंदांची ८ मीटर उंचीची लाट घेतली तर तोच वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर होतो. उंची दुप्पट झाली, पण तळावरचा वेग सोळा-सतरा पट वाढला. तळावर टाकलेली तेलवाहिनी हलेल का, खांबाच्या बुडाची वाळू उकरली जाईल का, हे या वेगावर ठरते. “खोल पाणी आहे, तळाचा विचार नको” असे गृहीत धरणारा अभियंता शांत हवेत बरोबर ठरतो आणि वादळात चुकतो. वादळासाठीच तर त्याला नेमलेले असते.

म्हणून प्रश्न असा विचारायला हवा : “या ठिकाणी ७५ मीटर खोली आहे. वर्षभरात ६ ते १३ सेकंदांच्या लाटा येतात. तळावरच्या वाहिनीसाठी कोणत्या लाटा विचारात घ्याल आणि का?” या प्रश्नासमोरही ‘बीएल-३’ किंवा ‘बीएल-४’ असेच लिहिले जाईल. तक्त्याला दोन्ही प्रश्न सारखे. शिक्षकाला मात्र ते सारखे नाहीत.

ब्लूमची पातळी प्रश्नाच्या क्रियापदात नसते. तोच प्रश्न वर्गात तीनदा सोडवून घेतला असेल तर ‘विश्लेषण करा’ असे लिहूनही ती स्मरणाचीच परीक्षा होते. प्रश्न आणि शिकवणे ही दोन्ही समोर ठेवल्याशिवाय पातळी ठरत नाही, आणि हे दोन्ही ठाऊक असणारी व्यक्ती एकच, वर्गात उभा असलेला शिक्षक. तक्ता नेमके त्याला विचारत नाही. तो फक्त क्रमांक मागतो.

दहा विद्यार्थ्यांचा हिशेब

दुसरा दोष निव्वळ गणिताचा आहे. आमच्या वाचकांनी तो वर्गात जरूर करून पाहावा.

पदव्युत्तर वर्ग लहान असतात. समजा, वर्गात १० जण आहेत. मग एक विद्यार्थी म्हणजे १० टक्के. एकाला परीक्षेच्या दिवशी ताप आला की वर्ग ८० वरून ७० वर येतो आणि प्राप्ती ३ वरून २ वर. सबंध अभ्यासक्रमाचा दर्जा एका तापाने घसरला!

हे अपवादाने घडते असे नाही. शिकवणे दर वर्षी अगदी सारखे आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याने रेषा ओलांडण्याची शक्यता शंभरात ७५ आहे असे धरा. १० जणांपैकी ८ किंवा अधिक जण रेषा ओलांडतील, असे निम्म्याहून किंचित जास्त वर्षांत घडेल, आणि त्या वर्षी प्राप्ती ३. चारांतून एका वर्षी बरोबर ७ जण ओलांडतील, प्राप्ती २. सात वर्षांतून एकदा ६ जण, प्राप्ती १. आणि साधारण तेरा वर्षांतून एकदा ५ किंवा त्याहून कमी, म्हणजे प्राप्ती शून्य. शिकवण्यात काडीचाही फरक नाही. तरी एका वर्षी कौतुक आणि दुसऱ्या वर्षी ‘सुधारणा आराखडा सादर करा’ असे पत्र. दहा नाणी उडवून छापांची संख्या मोजावी आणि कमी छाप पडले म्हणून टाकसाळीला जाब विचारावा, तसे हे झाले.

अशा आकड्याच्या दशांश चिन्हापुढे दोन स्थळे लिहिण्यात तर काहीच अर्थ उरत नाही. मोजमापाच्या अचूकतेहून जास्त अंक लिहू नयेत, हे आपण आठवी-नववीच्या मुलांना प्रयोगशाळेत शिकवतो. मोजपट्टी मिलिमीटरची असेल तर उत्तर मायक्रॉनमध्ये देऊ नये. मग २.४३ मधले ४ आणि ३ आले कुठून?

शिवाय १, २, ३ या येथे राशी नाहीत, त्या पायऱ्या आहेत. ‘थोडा’, ‘मध्यम’ आणि ‘दाट’ संबंध यांची बेरीज करून तिला भागणे म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या धावपटूंची सरासरी काढून ‘दोघे मिळून दुसरे’ म्हणण्यासारखे आहे.

सरासरीत काय बुडते?

तिसरा दोष आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. सरासरीत दुबळी बाजू बुडून जाते. एका विषयाच्या चार निष्पत्ती आहेत. तिघींची प्राप्ती ३ आणि चौथीची १. सरासरी २.५, लक्ष्य २, म्हणून विषय ‘साध्य’. पण ती चौथी निष्पत्ती जर ‘अपघाताची शक्यता ओळखून रचना करणे’ ही असेल तर?

२७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मजवळ आलेले ‘समुद्र सुरक्षा’ हे मदतनीस जहाज प्लॅटफॉर्मवर आदळले. समुद्रतळाकडून वर येणाऱ्या वायुवाहिनीला धक्का बसला, वायू गळला आणि पेटला. काही तासांत सबंध प्लॅटफॉर्म नष्ट झाला. ३६२ जणांना वाचवता आले, २२ जण गेले. लाटेने हे बांधकाम पाडले नव्हते. लाटांचे सगळे हिशेब बरोबर असते तरी हे घडलेच असते. वायुवाहिनी कुठे असावी, जहाज कोणत्या बाजूने यावे, धक्का बसलाच तर वायू कुठे अडवावा, हे वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची भरपाई लाटांच्या प्रकरणातल्या पैकीच्या पैकी गुणांनी होत नाही.

पुढे १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायजवळच पी-३०५ हे बार्ज नांगर तुटून वाहत गेले आणि बुडाले. त्यावरची सत्तरांहून अधिक माणसे दगावली. वादळाचा अंदाज हाती असताना केव्हा काम थांबवावे, केव्हा हलावे, नांगराचे साखळदंड किती ताण घेतील, त्यात अंदाजाची अनिश्चितता किती धरावी, हे ज्ञान, हिशेब आणि धैर्य तिन्ही मागणारे प्रश्न आहेत.

या दुर्घटनांचा दोष कोणाच्या शिक्षणावर टाकावा असे आम्हाला सुचवायचे नाही, तसा पुरावाही नाही. आमचे म्हणणे एवढेच की ज्या क्षेत्रात एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूच्या गुणांनी भरून निघत नाही, तेथे सरासरी हे मोजमापच चुकीचे. साखळीची ताकद कड्यांच्या सरासरीवर ठरत नाही, सर्वांत कच्च्या कडीवर ठरते.

चांगले तेही सांगितले पाहिजे

टीका करताना न्याय सुटू नये. या पद्धतीमुळे पहिल्यांदाच अनेक शिक्षकांना आपल्या विषयाचा हेतू लिहून काढावा लागला. प्रश्नपत्रिकेतले सगळे प्रश्न एकाच प्रकरणातले आहेत, हे तक्ता भरताना ध्यानात आले. फक्त पाठांतर तपासणाऱ्या प्रश्नपत्रिका उघड्या पडल्या. जुन्या पद्धतीत हे दोष वर्षानुवर्षे झाकलेले असत, आणि त्या पद्धतीची आठवण काढून उसासे टाकण्यासारखे तिच्यात फारसे काही नव्हते. म्हणून निष्पत्ती फेकून द्याव्यात असे आम्ही म्हणणार नाही. निष्पत्ती ठेवाव्यात, त्यांचे खोटे अंकगणित टाकावे.

मग काय करावे? तीन गोष्टी सुचतात.

पहिली, मोजण्याआधी अंदाज बांधायला लावणे. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. त्याची सुरुवात १९१६ सालची. तेथे बंदरांच्या लहान प्रतिकृती करून त्यांत लाटा सोडतात. प्रतिकृती शंभरपट लहान असेल तर काळ दहापट लहान धरावा लागतो, म्हणजे समुद्रातली १२ सेकंदांची लाट तेथे १.२ सेकंदांची होते. विद्यार्थ्याने प्रयोगाआधी आपला अंदाज लिहून द्यावा, मग मोजावे, आणि फरक पडला तर तो का पडला हे सांगावे. गुण या शेवटच्या ‘का’ला असावेत.

दुसरी, न चाळलेली माहिती हाती देणे. समुद्रातल्या तरंगत्या बोयांनी नोंदवलेल्या लाटांच्या उंची द्याव्यात आणि त्यांवरून रचनेसाठी उंची ठरवायला सांगावी. त्यात कुठे नोंद गाळलेली असेल, कुठे उपकरण बिघडलेले असेल. ते विद्यार्थ्याला दिसते का, हीच परीक्षा.

तिसरी, वर्ग लहान आहे याचा फायदा घेणे. दहाच विद्यार्थी असतील तर टक्केवारीची गरज काय? दोन परीक्षकांनी प्रत्येकाचा प्रबंध स्वतंत्रपणे वाचावा, तासभर तोंडी परीक्षा घ्यावी आणि प्रत्येकाबद्दल एक परिच्छेद लिहावा : याला काय येते, काय येत नाही, आणि कोणते काम याच्यावर एकट्यावर सोपवू नये. दहा परिच्छेद वाचायला अर्धा तास लागतो. त्यांतून जे कळते ते २.४३ मधून कधीही कळणार नाही. परीक्षकांची मते एकमेकांशी जुळली नाहीत तर तीही एक उपयुक्त माहितीच असते.

यावर आक्षेप येईल की अशा परिच्छेदांत पक्षपात शिरेल. शिरेल, हे खरे आहे. पण तक्त्यातला १ की ३ हा आकडाही माणूसच भरतो. तेथला पक्षपात दिसत नाही, एवढाच फरक. लिहिलेल्या वाक्याला जाब विचारता येतो.

शाळेच्या नोंदवहीकडे

गुरुजींचा मूळ प्रश्न आता शाळेकडे वळवू. महाराष्ट्रात २०१० सालापासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, २०१७ नंतर अध्ययन निष्पत्ती आल्या. हेतू तोच, आणि धोकाही तोच. पंचवीस मुलांच्या वर्गात ‘निष्पत्ती साध्य’ या रकान्यात पंचवीस बरोबरच्या खुणा करायला दहा मिनिटे लागतात. त्या खुणांच्या बेरजेवरून तालुका आणि जिल्हा यांचे क्रम लागू लागले की खुणा आपोआप वाढतात. येथे शिक्षक लबाड असतो असे नव्हे. ज्या आकड्यावर आपली पत ठरते तो आकडा हळूहळू आपल्या सोयीने वाकतो, आणि हे प्राध्यापकालाही लागू आहे.

आपण एक करू शकतो. दर महिन्याला एका निष्पत्तीसाठी एकच असा प्रश्न तयार करावा की ज्यात ‘खोल पाण्यात’ हे शब्द आधी दिलेले नाहीत. पोहरादेवीच्या शाळेत समुद्र नको, शेततळे पुरे. “आपल्या शेततळ्यात किती पाणी आहे ते शोधा” एवढेच सांगावे. लांबी, रुंदी, खोली देऊ नये. बाजू उतरत्या आहेत, तळ वरच्यापेक्षा लहान आहे, मधली खोली काठावरून मोजता येत नाही, हे मुलांनी स्वतः शोधावे. कोण मोजायला काय मागतो, कोण ‘साधारण’ हा शब्द विचार करून वापरतो, हे ऐकावे आणि दोन ओळी लिहून ठेवाव्यात. काठाशी मोठे माणूस उभे असावे, एवढी खबरदारी मात्र हवीच.

आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मूल्यमापनाचे काम पोहरा सोडून आडात पाणी किती हे पाहण्याचे. आज उलटे होऊ लागले आहे. आड कोरडा असो की भरलेला, नोंदवहीतला पोहरा काठोकाठ भरलेला दिसतो. गुरुजींना आम्ही हेच सांगितले. ते म्हणाले, “पोरगा सुटीला आला की त्याला एकच विचारीन. तुला परीक्षेत खोली दिली होती, की तू विचारली होतीस?”

समुद्र अभियांत्रिकीच्या सगळ्या निष्पत्तींसाठी याहून चांगला तोंडी प्रश्न आम्हाला सुचलेला नाही.